हुलग्यातला दगड

आमच्या आणे पठारावर रस्ता वाहनांसाठी असतो असं मानणारी माणसं फार थोडी आहेत. त्यांतली एक मी. बाकीच्यांच्या लेखी डांबरी रस्ता म्हणजे सरकारनं फुकटात करून दिलेलं खळं. दिवाळीच्या पुढेमागे हुलगे, म्हणजे कुळीथ, उपटले की ते वाळवून थेट रस्त्यावर आणून पसरतात. वरून जीपा, पिकअप, ट्रॅक्टर, एसटी जाते, शेंगा फुटतात, दाणा खाली बसतो. संध्याकाळी काड उचलायचं, दाणे झाडून पाटीत भरायचे, वारा सुटला की उफणायचे. मळणीला बैल नको, यंत्र नको, काठीनं झोडपून हात भरून यायला नकोत.

पण गाडीवाले कडेनं गाडी काढतात. त्यावर आमच्या लोकांनी जास्तीची अक्कल शोधली आहे. पसरलेल्या हुलग्याच्या दोन्ही अंगांना चांगले डोक्याएवढे दगड मांडायचे, म्हणजे चाक हुलग्यावरून गेलंच पाहिजे. संध्याकाळी हुलगे घरात जातात, दगड तिथंच राहतात. कुणी काही बोललं तर म्हणायचं, "आमच्या दारातला रस्ता हाय."

चारचाकीचं यात काही जात नाही. दुचाकीवाल्याला विचारा. वर वाळलेलं काड, ते घसरतं. काडाखाली सुटलेले दाणे, ते चाकाखाली गोट्यांसारखे फिरतात. त्यात सकाळचं दव पडलेलं असलं तर विचारूच नका. शिवाय वेल मागच्या चाकात गुंततात. मी नर्स आहे. हुलग्यावर पडलेली किती माणसं मी धुऊन-पुसून पट्ट्या बांधून घरी पाठवली असतील, त्याची मोजदाद नाही. प्रत्येकाला सोबत आलेला माणूस एकच प्रश्न विचारायचा, "लई जोरात व्हता का रं?" हुलगे कुणी टाकले, हा प्रश्न एकानंही कधी विचारला नाही.

माझं माहेर पठारावर, घाट चढून आलं की पुढं, अगदी रस्त्याला लागून. सासर खाली पिंपळवंडीला. नोकरी पठारावरच्या उपकेंद्रात, तीही कंत्राटी, दर मार्चला जीव टांगणीला. सकाळी नऊला हजर राहायचं तर एसटीच्या भरवशावर राहून चालत नाही. आळेफाट्यापर्यंत एक गाडी, तिथून घाट चढायला जी मिळेल ती जीप, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. म्हणून मी मोटारसायकल घ्यायची ठरवली तेव्हा घरात आठवडाभर कुणी माझ्याशी धड बोललं नाही. शेवटी नवऱ्यानं माझ्या वडिलांसमोर, माझ्या सासूसमोर एकच अट घातली. "एकदा जरी पडलीस तरी गाडी बंद." मी हो म्हणाले. गाडी बंद म्हणजे नोकरी बंद, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. फक्त ते मी मनात म्हटलं आणि त्यानं बहुतेक मनात धरलं.

आमचे वडील म्हणजे आबा. आमच्या घराण्यात मेंढरं. आबांची अर्धी उमर कळपामागं चालण्यात गेली, मोटारसायकल त्यांनी चाळिशीनंतर हातात घेतली, आणि ती मेंढरू हाकतात तशीच शांतपणे हाकली. मला गाडी चालवायला त्यांनी शिकवलं. स्कूटी घेऊ नको म्हणाले. "तिची चाकं बारकी. खडीत बसत्यात." म्हणून जुनी मोटारसायकल बघितली. ती निरगुडसरला मिळाली. आम्ही बापलेक एसटीनं आणायला गेलो. दोन किल्ल्या मिळाल्या. एक मी घेतली, दुसरी आबांनी कनवटीला खोचली, म्हणाले, "हरवली तर असावी."

येताना निरगुडसर ते मंचर आतल्या रस्त्यानं त्यांनी मला पुढं बसवलं आणि ते मागं बसले. उसाचे दिवस होते. शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर चिखलाची थापणी केलेली. पहिल्याच थापणीवर माझं मागचं चाक बाजूला गेलं. मी दोन्ही ब्रेक आवळले. गाडी आडवी, आम्ही उसाच्या सरीत. आबा उठले, धोतर झटकलं, मला उठवलं नाही. उभ्याउभ्याच बोलले.

"घसराया लागली का माणसाला पयला ब्रेक सुचतो. तो सुचला का समजायचं, पडलो. ब्रेक न्हाई, क्लच न्हाई. हाय तो रेस तसाच धरायचा, गाडी उभी ठेवायची. पाय खाली टाकायचा न्हाई, पाय मोडतो. आणि हँडल आवळू नको. मेंढराला धरल्यावर आवळत्यात का? आवळलं का तडफडतं. नुसतं हाताखाली ठेवायचं."

"आणि बघायचं कुठं?"

"पुढं. लांब. जिथं बघशील तिथं जाशील."

मग त्यांनी त्याच चिखलावरून माझ्याकडून सात-आठ वेळा गाडी नेऊन घेतली. आठव्यांदा चाक सरकलं तेव्हा मी काहीच केलं नाही, आणि गाडी आपली आपण सरळ झाली. काही न करणं एवढं अवघड असतं हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी मला माझ्या बापाचा जितका अभिमान वाटला तितका पुन्हा वाटला नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकली होती. मंचर जवळ आलं तसं आबांनी मला गाडी थांबवायला लावली. म्हणाले, "आता मी घेतो. बाजाराचं गाव हाय." मी मागं जाऊन बसले. पोरीला गाडी शिकवायला त्यांना लाज नव्हती, पोरीच्या मागं बसलेलं दिसायची होती. मी तेव्हा हसून सोडून दिलं. सोडायला नको होतं.

उसातलं ते पडणं आम्ही दोघांतच ठेवलं. पुढची तीन वर्षं मी पडले नाही. घाटात सांडलेलं डिझेल, आळेफाट्याला कांद्याच्या गाड्यांमागं पडलेली ओली पात, टोमॅटोचा लगदा, सगळ्यावरून गेले. टायरची नक्षी झिजली की लगेच बदलला. थंडीत सकाळी निघताना पहिली चार किलोमीटर टायर गरम होईपर्यंत वळणावर गाडी वाकवायची नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझं मी शोधलं.

आणि हुलग्याच्या दिवसांत आबांशी भांडले. दरवर्षी. कारण रस्त्यावर हुलगे पसरणाऱ्यांत आमचे आबा पहिले.

"आबा, माणूस मरंल एखादं."

"आतापतूर कोण मेलंय?"

"मेल्यावर बंद करणार का?"

"तुझ्यासाठी वाट ठेवतो की. तू जा कडंनं."

आणि ते खरंच ठेवायचे. दगड मांडताना डाव्या अंगाला हातभर जागा मोकळी सोडायचे. एक दुचाकी जाईल एवढी. माझी वाट. बाकीच्यांनी हुलग्यावरून जावं, पडावं, त्यांची पोरगी त्यांनी सांभाळावी. मी त्या वाटेनं तीन वर्षं गेले, याची मला आता लाज वाटते. दुसऱ्याच्या पडण्यावर मी वाद घातला, पण स्वतःची वाट काही सोडली नाही.

त्या दिवशी लसीकरण होतं. मागं लशींचा डबा बांधलेला. घाट चढून वर आले, ऊन नुकतं पडलं होतं, रस्ता दवानं काळा दिसत होता. माहेराच्या अलीकडचं वळण घेतलं आणि सवयीनं डावीकडं गेले. वाट नव्हती. तिथंही दगड. मला नंतर कळलं की पिकअपवाले दोन चाकं माझ्या वाटेवरून काढून हुलगे चुकवत होते, म्हणून आदल्या संध्याकाळी आबांनी वाट बुजवली. मला सांगायचं राहिलं. फोन खिशातच होता त्यांच्या.

थांबायला जागा नव्हती. मी गाडी हुलग्याच्या मध्यावर घेतली. ब्रेक नाही, क्लच नाही, रेस तसाच, हँडल हाताखाली, नजर लांब. मागचं चाक उजवीकडं सरकलं. मी काही केलं नाही. परत डावीकडं आलं. मी काही केलं नाही. गाडी सरळ होत होती. काड संपत आलं होतं, पुढं कोरडं डांबर दिसत होतं, आणि मी खरं सांगते, मला मनातून आनंद झाला होता. तेवढ्यात पुढचं चाक कशावर तरी आदळलं. कडेच्या ओळीतला एक दगड कुठल्यातरी गाडीच्या चाकानं आत ढकलला गेला होता, वर काड आलेलं, म्हणून दिसला नाही. हँडल हातातून निसटलं. खांद्यावर पडले. गळ्याखालचं हासळीचं हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. मी इतरांची हाडं बसवायला पाठवते, मला तो आवाज ओळखू येतो.

आबा दारात बसलेले. त्यांनी सगळं पाहिलं, पहिल्यापासून. ते धावत आले. मला वाटलं माझ्याकडं येतील. ते आधी त्या दगडाकडं गेले. दोन्ही हातांनी उचलला आणि बाभळीच्या कुंपणापलीकडं टाकला. मग माझ्याकडं आले.

तोवर चार माणसं जमली होती. डबा फुटून बर्फाच्या पिशव्या हुलग्यावर पडल्या होत्या. कुणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला, "लई जोरात व्हती का?" आणि माझे आबा, ज्यांनी मला उसाच्या सरीत उभं राहून शिकवलं ते आबा, माझ्या डोक्यावरून त्या माणसाला म्हणाले, "ब्रेक मारला असंल तिनं. बायांना ब्रेकच सुचतो."

मी दुखण्यानं रडत होते असं सगळ्यांना वाटलं.

नवरा दुपारी पिकअप घेऊन आला. माझ्या पर्समधून गाडीची किल्ली काढली आणि आपल्या खिशात टाकली. गाडी वाकड्या हँडलासकट आबांच्या गोठ्यात ढकलली. "राहू दे हितंच," म्हणाला. आबा तिथंच उभे होते. एक वाक्य पुरेसं होतं. हिनं ब्रेक मारला नव्हता, दगड माझा होता. एवढंच. ते गोठ्याच्या दाराची कडी लावत बसले.

सहा आठवडे खांदा बांधलेला होता. त्यानंतर जीपा. पहिल्या आठवड्यात दोनदा उशिरा पोचले, पुढच्यात तीनदा. साहेबांनी एकदा गोडीत सांगितलं, एकदा लेखी दिलं. मार्च तोंडावर. घरात मी म्हणाले, मला गाडी पाहिजे, तर नवरा म्हणाला, "ठरलं व्हतं ना?" मी म्हणाले, मी चुकले नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "तुझा बापच म्हनला की ब्रेक मारला म्हनून." जगातली सगळी माणसं एकीकडं आणि माझा साक्षीदार त्यांच्यात बसलेला.

चार महिने मला दुसरं काही सुचत नव्हतं. भाकरी थापताना, बाळांना डोस देताना, जीपमध्ये कोंबून बसलेली असताना, तेच. मला त्या दगडाचा राग नव्हता. दगड हलतो, राहून जातो, चूक होते. मला राग त्या उचलण्याचा होता. लेक रस्त्यात पडलेली आणि बाप पुरावा कुंपणापलीकडं टाकतो.

मार्चच्या सुरुवातीला एका रविवारी मी जीपनं पठारावर गेले. आबा ओट्यावर होते. मी पाणीही मागितलं नाही.

"दुसरी किल्ली द्या."

"जावईबापूंना इचारलंय का?"

"तुमाला इचारते. द्या."

त्यांनी बराच वेळ कनवट चाचपली, जणू किल्ली तिथं नसेलच. मग दिली. मी गोठा उघडला. गाडीवर कोंबड्या बसून गेल्या होत्या. हँडल एका बाजूला, चाक दुसऱ्या. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळलं तर सरळ होतं, पण माझ्या खांद्यात तेवढा जोर अजून नव्हता. "चाक धरा," मी म्हणाले. आबा समोर आले, चाक दोन गुडघ्यांत धरून उभे राहिले. आम्ही एकमेकांच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर होतो. मी हँडल पिळत होते, ते माझ्याकडं बघत नव्हते. तिसऱ्या हिसक्याला ते बसलं. मी हवा भरून आणली, चेन सैल होती ती ताणली, ब्रेक तपासले, पेट्रोल टाकलं.

"आता बसा मागं."

"मी? कुठं?"

"पिंपळवंडीला. मी चार महिन्यांनी गाडी चालवतेय. तुमी शिकवलीय. बघा आली का न्हाई."

"जीपनं येतो मी."

"आबा, बसा."

माझा आवाज बहुतेक चांगला नव्हता. ते टोपी सारखी करून बसले.

घाटात तिसऱ्या वळणावर डंपरमधून सांडलेली बारीक खडी होती. लांबून दिसली, वेग आधीच कमी केला, गाडी उभी ठेवली. तरी वजन दोघांचं. मागचं चाक दरीच्या बाजूला सरकलं. मी काही केलं नाही. आणि मला खाली चप्पल घासल्याचा आवाज आला. आबांनी पाय टाकला होता.

"पाय वर घ्या!" मी ओरडले. "पाय वर!"

त्यांनी घेतला. गाडी सरळ झाली. खडी संपली. त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते, डावा नेमका मोडलेल्या हाडावर. तिथं आता गाठ आली आहे. ती त्यांच्या हाताला लागली असणार, कारण त्यांनी तो हात एकदम उचलला.

घाट उतरून सपाटीला लागलो तेव्हा ते मागून म्हणाले, "तवा तू ब्रेक मारला न्हवता."

मी ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला.

"काय?" मी म्हणाले.

"ब्रेक मारला न्हवता म्हनलं. मी बघत व्हतो."

"ऐकू येत न्हाई, आबा. वारं लई हाय. घरी गेल्यावर बोला."

आळेफाटा जवळ आला तशी खांद्यावर दोन बोटांची टकटक झाली. बाजाराचं गाव. मी गाडी थांबवली नाही. चौकात कांद्याच्या गाड्या, हॉटेलासमोर पठारावरचीच माणसं उभी. एकानं हाक मारली, "काय पावणं, आज मागं?" मी चौकातून जितकी हळू नेता येईल तितकी हळू गाडी नेली. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पिंपळवंडीत दारात गाडी लावली तेव्हा नवरा ओट्यावर फवाऱ्याचं नोझल साफ करत बसला होता, सासूबाई लसूण सोलत होत्या. दोघांनी गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं. मी हेल्मेट काढलं आणि आबांना म्हणाले, "आता बोला. हितं ऐकू येतंय."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. सत्तरीचा माणूस. मला क्षणभर दया आली, पण मी मध्ये पडले नाही.

"तिनं ब्रेक मारला न्हवता," आबा म्हणाले. "दगड माझा व्हता. मी तो उचलून टाकला."

नवऱ्यानं नोझलमध्ये फुंकर मारली आणि विचारलं, "कसला ब्रेक, मामा?"

"हुलग्यात. पडली तवा."

"आता ते कशाला काढताय? झालं ते झालं. बसा, च्या घ्या." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "पण गाडी बंद ठरली व्हती."

मी तिथंच उभी राहिले. चार महिने मी ज्या वाक्यासाठी जळत होते, ते वाक्य अंगणात पडलं होतं आणि कुणी उचललंसुद्धा नाही. त्यांना ते आठवतही नव्हतं. ब्रेक मारला की नाही, दगड कुणाचा, याच्याशी कुणाला काही देणंघेणं नव्हतंच. मी पडावं म्हणून सगळे थांबले होते, मी पडले, काम झालं.

आबांना ते माझ्याबरोबरच कळलं असावं. ते बसले नाहीत. जावयासमोर जाऊन उभे राहिले आणि हात पुढं केला.

"किल्ली द्या, पावणं."

"कशाला?"

"तिची हाय."

नवऱ्यानं आईकडं पाहिलं. सासूबाई लसणातून मान वर काढेनात. मग त्यानं खिशातून किल्ली काढून आबांच्या हातावर ठेवली, आणि आबांनी ती मला दिली.

आता दोन्ही किल्ल्या माझ्याकडं असतात. या दिवाळीला आबांनी हुलगे अंगणात काठीनं झोडपले, दोन दिवस हात वर होत नव्हते म्हणून मीच त्यांना तेल चोळलं. त्यांच्या शेजाऱ्यानं मात्र रस्त्यावर पसरले होते, दगडांसकट. मी गाडी लावली आणि त्याच्या देखत एकेक दगड उचलून कुंपणापलीकडं टाकला. तो म्हणाला, "ताई, आमच्या दारातला रस्ता हाय." मी म्हणाले, "माझ्या रोजच्या जाण्याचा हाय," आणि पुढचा दगड उचलला.